बारीक थर

“आधी दगड ऐकायचा, लेकी. तोंड मागनं उघडायचं.”

हौसाक्का मला हे म्हणाल्या तेव्हा त्यांचा एक पाय पसरलेला होता, एक मुडपलेला, आणि जात्याचा खुंटा मुठीत होता. शिरढोणच्या त्यांच्या सोप्यात आम्ही दोन माइक लावले होते. अण्णा मगदूम कानांवर हेडफोन चढवून हातानं खुणावत होते, चला, सुरू करा. आक्कांनी जात्याला दोन वेढे दिले आणि हात थांबवला.

“हे टाकीला आलंय. दळत न्हाई, नुसतं घासतंय. ह्याच्यावर ओवी बसायची न्हाई.”

अण्णांनी हेडफोन उतरवले. “आक्का, मला तर काहीच वेगळं वाटलं नाही.”

“तुमी कानाला टोपी घातलीया न्हवं,” आक्का म्हणाल्या. सोप्यातल्या बायका पदरात हसल्या.

त्या दिवशी आम्ही तारा गुंडाळून तसेच सांगलीला परतलो. पाथरवट आला, त्यानं जात्याची गुळगुळीत झालेली पोटं छिन्नीनं पुन्हा खरखरीत केली, आक्कांनी स्वतः पायलीभर जोंधळा दळून पाहिला आणि मगच निरोप धाडला, या म्हणावं. आम्ही गेलो. आक्का गायल्या. पहाटे विहिरीत पोहरा सोडावा आणि तो खाली, खाली, आणखी खाली जात राहावा, तसा त्यांचा आवाज. वर दगडाची घरघर. मी रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी बसले होते आणि काटा बघायचा सोडून त्यांच्या हाताकडे बघत होते.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. अण्णांचं सांगलीत गणपती पेठेच्या मागल्या बोळात रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानावर एक खोली. तिला अण्णा ‘ऐकायची खोली’ म्हणत. भिंतींना नारळाच्या काथ्याच्या गाद्या, खिडकीला दुहेरी तावदान, मध्ये चार खुर्च्या. मिरजेच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन मी सात दुकानं फिरले होते. सातही ठिकाणी, मुलगी सोल्डरिंग काय करणार, म्हणून परत पाठवलं. अण्णांनी काहीच विचारलं नाही. समोर एक मोडका रेडिओ ठेवला आणि म्हणाले, “हा बोलला की सांग.” दुपारी तो बोलला. तेव्हापासून मी तिथं.

अण्णांना एक वेड होतं, आणि ते वेड गोल होतं. साध्या सीडीच्याच आकाराची चकती, पण तिच्या पोटात दोन थर. एक साधा, कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजणारा. दुसरा बारीक. त्यात आवाजाचा कण न् कण साठवलेला असायचा, पण तो वाजवायला वेगळं यंत्र लागे. ‘बारीक थर’ हे नाव अण्णांचंच. कंपन्यांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. अशा नऊ चकत्या त्यांनी काढल्या होत्या: एक सनईची, एक संबळाची, एक नुसत्या तंबोऱ्याची. परदेशातला एक कारखाना त्या छापून देई. दहावी आक्कांच्या ओव्यांची व्हायची होती.

पण जग दुसरीकडेच निघालं होतं. मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार सोडून दिला होता. बारीक थर वाजवणारी यंत्रं दुकानांतून उठली होती. अशातलं एखादं यंत्र आता कुणाच्या घरी दिसलंच, तर त्यावर फोनचा चार्जर ठेवलेला असतो. त्या फेब्रुवारीत कारखान्याचं पत्र आलं, आम्ही हे काम बंद करतो आहोत, शेवटच्या खेपेत जागा हवी असेल तर अमुक तारखेला, तुमच्याकडच्या दुपारी तीनपर्यंत फोनवर नक्की कळवा. पत्रासोबत आक्कांच्या अर्ध्या ओव्यांची नमुना चकती होती. उरलेल्या अर्ध्या ओव्या आम्ही पुढच्या आठवड्यात शिरढोणला जाऊन घेणार होतो.

त्या ‘अमुक तारखेला’ अण्णांनी सकाळी दहाला ऐकवणी ठेवली.

ऐकवणी ही आमच्याकडची रीत होती. कुठलीही चकती छापायला सांगण्याआधी ती यंत्राकडे पाठ करून ऐकायची. मागं मी. माझ्या हातातल्या कागदावर आधीच लिहिलेला क्रम, की आता बारीक, आता साधा. तीच ओवी पाच वेळा वाजायची आणि ऐकणाऱ्यानं दरवेळी कुठला थर ते सांगायचं. नऊच्या नऊ ऐकवण्यांत अण्णा एकदाही चुकले नव्हते. यंत्रावर एक छोटा निळा दिवा होता, बारीक थर वाजताना लागणारा. कुणी मान वळवून बघेल म्हणून अण्णांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. इतके ते पक्के.

आक्का सुनेबरोबर आल्या. मालन तिचं नाव, चाळिशीची, बोलायला खमकी. त्यांच्या मागोमाग डॉक्टर कोळेकर आले. कान-नाक-घशाचे डॉक्टर, अण्णांचे जुने दोस्त आणि गाण्याचे शौकीन.

मालननं जिना चढता चढताच विचारलं, “अण्णा, ह्या चकतीचं यंतर आमच्या गावात कुणाकडं न्हाई. मग ऐकायचं कुणी?”

“ज्याला ऐकायचंय तो यंत्र शोधेल की.”

“आन् माझ्या मोबाईलमधी आत्याबाईंच्या ओव्या हायतच. मागं हळदीला धरल्या हुत्या. ब्लूटूथनं अख्ख्या गल्लीनं घेतल्या. आता तर कुणाचा फोन वाजला तरी आत्याबाईच गात्यात.”

अण्णांनी तोंड असं केलं, जणू कुणी श्रीखंडात लसूण घातला. डॉक्टर मोठ्यानं हसले. “मगदूम, हिचंच खरं होणार बघा. पुढं सगळं गाणं फोनात राहील. तुमच्या चकत्यांवर लोक चहाचे कप ठेवतील.”

“ठेवू देत,” अण्णा म्हणाले. “डॉक्टर, फोनात आक्कांचा आवाज आहे. पण आक्का नाहीत. इथं आक्का आहेत. आणि मी आज तुमच्यासमोर सांगतो, ज्या दिवशी मला हा फरक ओळखता येणार नाही ना, त्या दिवशी ही खोली बंद. फोनात ओव्या भरायचं दुकान घालीन.”

ते हसत म्हणाले, पण त्यांना मी चार वर्षं ओळखत होते. ते बोलले की बोलले.

आधी त्यांनी दोन्ही थर उघड वाजवून दाखवले, आक्कांना कळावं म्हणून. पहिल्यांदा साधा. खोलीत जातं फिरू लागलं आणि आक्कांचा आवाज आला:

*माहेराची वाट बाई पुरानं नेली खाली
पाय माझे घरी बसले, ओवी चालत गेली*

आक्का आपलाच आवाज मान खाली घालून ऐकत होत्या, लग्न ठरलेल्या पोरीसारख्या. मग अण्णांनी बारीक थर लावायला सांगितला. तीच ओवी. तेच जातं. दोन वेढे झाले असतील नसतील, आक्कांची मान वर आली.

“आगं बया.”

“काय झालं आक्का?” अण्णा पुढं झुकले.

“पयल्यात मी भितीपल्याड बसल्याली हुते. ह्यात हितं हाय.” त्यांनी आपल्या खुर्चीशेजारची फरशी हातानं थोपटली. “आन् ह्यात पीठ पडतंय त्ये ऐकाय येतंय. जात्याच्या पाळीवर. भुरुभुरु.”

मी चार वर्षं त्या खोलीत काम करत होते. पीठ पडल्याचा आवाज मला कधी ऐकू आला नव्हता. मी कान लावला. होता. खरंच होता.

अण्णांचा चेहरा असा उजळला की बघवेना. “डॉक्टर, ऐकलंत? शाळा न शिकलेली बाई. ऐकलंत?”

आणि लाइट गेली.

त्या दिवसांत लोडशेडिंगचं वेळापत्रक ठरलेलं असे. अण्णांनी ते बघूनच दहाची वेळ धरली होती. पण वीज काय वेळापत्रक वाचून जात नाही. खाली दुकानाला इन्व्हर्टर होता. तो खोलीला जोडलेला नव्हता, इन्व्हर्टरची वीज मळकी असते, तिच्यावर गाणं काळवंडतं असं अण्णांचं मत. आम्ही अंधारात बसून राहिलो. मालननं पिशवीतून शेंगांचे लाडू काढले. डॉक्टरांनी दोन खाल्ले. दहा मिनिटांनी वीज आली. यंत्राचा आकडा उजळला आणि अण्णा हात झटकत म्हणाले, “चला. पाठ करून बसा सगळे. उल्का, कागद आहे ना?”

होता. बारीक, साधा, बारीक, बारीक, साधा.

मी एकेक करून वाजवत गेले. साध्या थराचं बटण माझ्या पुढ्यात होतं. बारीक थराचं बटण पार पलीकडे, कपाटाच्या खांबामागं. तिथवर हात लांबवावा लागे. डॉक्टर दरवेळी छताकडे बघून तर्क करत होते आणि कागदावर खूण करत होते. अण्णा डोळे मिटून होते. पहिल्या खेपेला त्यांनी बोट वर केलं. म्हणजे बारीक. दुसऱ्यांदा केलं नाही. तिसऱ्यांदा केलं आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. चौथ्यांदा केलं. पाचव्यांदा नाही.

मी कागद वाचून दाखवला. पाचच्या पाच बरोबर.

डॉक्टरांचे दोन बरोबर आले. त्यांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली. “मगदूम, मी कानांचा डॉक्टर, पण कान तुमचे.”

“आक्का?” अण्णांनी उपरण्यानं डोळे टिपले. “तुम्ही सांगा. कुठल्या कुठल्या खेपेला इथं बसला होतात, आणि कुठल्या खेपेला भिंतीपल्याड?”

आक्का फरशीकडं बघत होत्या.

“सांगा की आत्याबाई,” मालन म्हणाली.

“मला पाचीबी येळा सारखंच ऐकू आलं,” आक्का म्हणाल्या. “पाचीबी येळा भितीपल्याड.”

“असं कसं? मघाशी तर—”

“मघाशी ऐकलं. आत्ता न्हाई ऐकलं.” त्यांनी माझ्याकडं मान वळवली. “एवढं मातर ऐकलं. पयल्यांदा, तिसऱ्यांदा आन् चवथ्यांदा हिच्या बांगड्या लाकडाला लागल्या. बाकी दोन येळा न्हाई. गाण्यात कायबी फरक न्हवता.”

सगळे हसले. मीही हसले. महिन्यापूर्वी माझा साखरपुडा झाला होता आणि आईनं हातात डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या.

“आक्का, बांगड्या कसल्या ऐकता!” अण्णा म्हणाले. “ओवी ऐका की!”

हसता हसता मी चकती काढायला यंत्राकडं वळले. सवयीनं दिव्यावरची चिकटपट्टी नखानं उचलली.

दिवा विझलेला होता.

शेवटची खेप साध्या थराची, तेव्हा तो विझलेलाच असणार. तरी मी बारीक थराचं बटण दाबून पाहिलं. दिवा लागेना. पुन्हा दाबलं. मग आठवलं. त्या यंत्राची एक खोड होती. वीज जाऊन आली की चकती बाहेर काढायची आणि पुन्हा आत घालायची, तेव्हाच ते बारीक थर ओळखायचं. नाहीतर कुठलंही बटण दाबा, वाजायचा तो साधाच. कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात अण्णांनी मला हे दोनदा सांगितलं होतं. आणि मी अंधारात शेंगांचा लाडू खात बसले होते.

पाचही वेळा साधाच थर वाजला होता. मी कागदावर बघून पाचदा बटण दाबलं होतं. अण्णांनी पाचदा बरोबर ओळखलं होतं.

त्यांनी लबाडी केली असं मला क्षणभरही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या बांगड्या त्यांच्या कानांवर पडत होत्या आणि त्यांना वाटत होतं, ओवी उजळली. डोळ्यांतलं पाणी खरं होतं.

मी चिकटपट्टी पुन्हा लावली. बोटानं नीट दाबून बसवली.

खाली दुकानामागच्या खोलीत अण्णांच्या घरून जेवण आलं होतं. झुणका, भाकरी, उसळ. आक्कांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

“आत्याबाई, खावा की.”

“डाक्टर,” आक्का म्हणाल्या, “कान येतोय आन् जातोय, असं हुतं का?”

डॉक्टर जेवता जेवता थांबले. भला माणूस. त्यांनी हात पुसला, आक्कांच्या दोन्ही कानांपाशी आळीपाळीनं बोटावर बोट घासलं, काही विचारलं. मग आवाज मऊ करून म्हणाले, “आजी, वय किती?”

“सत्तर. पंच्याहत्तर. कुणाला ठावं.”

“या वयात बारीक आवाज आधी जातात. सुरुवातीला असंच, कधी येतात कधी जातात. मग हळूहळू जातातच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बोलणं ऐकू येत राहतं. माझ्या आईचं असंच झालं.”

आक्कांनी मान हलवली. भाकरीचा मोडलेला तुकडा त्यांनी ताटात पुन्हा भाकरीला जुळवून ठेवला.

“मालन, दोनची येष्टी हाय न्हवं? तिनं जाऊ.”

“आक्का, पुढच्या बुधवारी आम्ही येतोय हां,” अण्णा म्हणाले. “उरलेल्या ओव्या घ्यायच्यात. माहेराच्या झाल्या, भावाच्या राहिल्यात, लेकीच्या राहिल्यात.”

“येऊ नगासा.”

“म्हणजे?”

“मी आता गाणार न्हाई.”

अण्णांचा घास हातात राहिला. “आक्का, कानाचं मनाला काय लावून घेता? गळा आहे ना तुमचा! गळा सोन्यासारखा आहे.”

“कान हाय म्हणून गळा हाय, अण्णा. जात्यावर बसल्याली बाई दगड ऐकती आन् मग गाती. दगुड ऐकू येईना तर ती काय, वरडतीया नुसती.”

“कुणी म्हणणार आहे का तुम्हाला तसं?”

आक्का मालनकडं न बघता, ताटाकडं बघत बोलल्या. “माझी सासू गायची. लई गायची. म्हातारपणी तिचं कान गेलं, पर तिला कुणी सांगितलं न्हाई. ती गायची एकीकडं, जातं फिरायचं एकीकडं. आळीतल्या बायका पदराआड हसायच्या.” त्यांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले. “मी बी हसले. तिच्या म्होरं बसून, खुंटा धरून हसले. तिला दिसलं. तिनं माझ्याकडं बघितलं आन् गात ऱ्हायली. तवाच मी मनाशी ठरवलं, माझा कान गेला की त्या दिवशी तोंड मिटायचं. कुणी सांगायची वाट बघायची न्हाई.”

मालननं सासूच्या मांडीवर हात ठेवला. डॉक्टर पाणी प्यायले. मी माझ्या ताटातल्या उसळीतला एकेक दाणा बाजूला करत होते.

बोल, मी स्वतःला म्हणत होते. आत्ता बोल. पण बोलले तर काय होईल तेही दिसत होतं. अण्णांनी सकाळीच डॉक्टरांसमोर शब्द टाकला होता. खोली बंद. दहावी चकती नाही, आणि कारखान्याचं दार आज तीनला मिटल्यावर कधीच नाही. ज्या माणसानं मला खुर्ची दिली, त्याला मी सांगायचं, की अण्णा, तुम्ही ज्यासाठी जगलात ते तुम्हाला ऐकू येत नाही. कुणास ठाऊक कधीपासून. त्यापेक्षा आक्का म्हाताऱ्याच आहेत, आज ना उद्या थांबल्याच असत्या, असंही मनात आलं. आलं, ते लपवत नाही.

“ठीक आहे,” अण्णा घास ताटात ठेवत म्हणाले. “मग अर्ध्याच ओव्यांची चकती काढू. नमुन्यात आहेत तेवढ्या. शेवटची चकती अर्धी तर अर्धी. निदान आक्का तेवढ्या तरी राहतील.”

“काढा,” आक्का म्हणाल्या. “त्या मी कान असताना गायल्याल्या हायत.”

दोनची एस.टी. चुकली, कारण डॉक्टर आक्कांना कुठला तेल-पाण्याचा सल्ला देत बसले आणि मालनला तो लिहून हवा होता. पुढची साडेतीनला होती. पावणेतीनला अण्णांनी मला हाक मारली. परदेशचा नंबर लावायचं काम माझं, कारण इंग्रजी बोलायचं तर मीच. दुकानाच्या काउंटरवर काळा फोन होता. अण्णा माझ्या बाजूला उभे राहिले, उपरणं नीट करून, जणू पलीकडच्या माणसाला ते दिसणार होते. डॉक्टर स्टुलावर बसले होते. दाराशी मालन चपला घालत होती आणि आक्का उंबऱ्याला हात लावून उभ्या होत्या, निघण्यासाठी.

मी नंबर फिरवला. लांबलचक नंबर. मध्येच तुटला. पुन्हा फिरवला.

“सांग त्यांना, जागा धरून ठेवा,” अण्णा म्हणाले. “अर्धीच आहे म्हणावं, पण छापा.”

रिंग जाऊ लागली. तिकडची रिंग वेगळी असते, आपल्यासारखे दोन ठोके नाहीत, एकच लांब सूर.

आक्का वळल्या आणि माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या गालावरनं हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर कडकडा मोडली. “लगीन झालं की बोलीव. गायला न्हाई. नुसतं जेवायला येते.” मग अण्णांना म्हणाल्या, “तुमी लई चांगलं ऐकता अण्णा. पाचच्या पाच. देव तुमचं कान असंच ठेवो. माझं मातर गेलं.”

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, तेच वाईट होतं. एखादी बाई आपलं जातं शेजारणीला देऊन टाकते आणि वर सांगते, ह्याचा खुंटा जरा सैल हाय, जपून धर, तसं त्या बोलल्या.

पलीकडून कुणीतरी फोन उचलला. “हॅलो?” बाईचा आवाज. “हॅलो?”

अण्णांनी माझ्या हाताला हळूच ढोसलं. “बोल की.”

मी रिसीव्हर खाली ठेवला.

“अगं! तुटला का?”

“नाही. मी ठेवला.”

“ठेवला? दहा मिनिटं राहिलीत उल्का, काय करतेस?”

आक्का उंबऱ्याशी पोचल्या होत्या. मालननं त्यांचा दंड धरला होता.

“आक्का, थांबा,” मी म्हणाले. “अण्णा, तुम्हीही ऐका. लाइट आल्यावर मी चकती बाहेर काढून परत घातली नाही. विसरले. बारीक थराचं बटण दाबूनही दिवा लागत नव्हता, मी नंतर बघितलं आणि पट्टी परत लावून टाकली.”

अण्णा माझ्याकडं बघत होते. समजलं होतं त्यांना. तरी बघत होते, मी पुढचं बोलू नये म्हणून.

“पाचही वेळा साधाच थर वाजला, अण्णा. पाचही वेळा एकच. आक्का, तुमचा कान गेलेला नाही. आज त्या खोलीत खरं ऐकलं ते एकट्या तुम्ही.”